रविवारचा चित्रपट

चरितार्थासाठी नोकरी सांभाळून कलेची उपासना करणे ही तारेवरची कसरतच होय. त्या काळच्या कलकत्ता शहरात सत्यजित राय यांनी ती केली. एका जाहिरात कंपनीत ते चित्रकार होते. आठवड्याचे दिवस कचेरीचे. चित्रपटासाठी उरत असे तो रविवार.

२७ ऑक्टोबर १९५२ रोजी ‘पथेर पांचाली’च्या चित्रणास आरंभ झाला. शहरापासून दूर, काशगवताच्या शुभ्र तुऱ्यांनी फुललेल्या माळावर अपू व दुर्गा या भावंडांचा प्रसंग टिपावयाचा होता. दिवस मावळला, प्रसंग अर्धाच राहिला. पुढच्या रविवारी मंडळी येऊन पाहतात तो गुरांनी सारी फुले फस्त केलेली! पुन्हा फुले येईपर्यंत वर्षभर थांबणे भाग पडले.

पैशाचीही तीच गत. विमापत्र गहाण पडले, पत्नीचे दागिने गेले, तरी काम महिनोमहिने खोळंबले. तेवढ्यात अपूचा आवाज बदलला असता, दुर्गा थोराड दिसू लागली असती, किंवा आजीचे काम करणाऱ्या वृद्ध चुनीबालादेवी निवर्तल्या असत्या, तर सारे श्रम मातीमोल झाले असते. सुदैवाने तसे घडले नाही. अखेर पश्चिम बंगाल सरकारने साहाय्य केले आणि १९५५ साली चित्रपट पुरा झाला. १९५६ साली फ्रान्समधील कान येथे त्याचा गौरव झाला.

सवड मिळेल तेव्हा करू, असे म्हणणाऱ्याचे काम राहून जाते. राय यांनी सवडीची वाट पाहिली नाही; हाती आलेला रविवार मात्र वाया जाऊ दिला नाही.