भाताचाही खोडवा!

सभासद बंधूंनो, उसाचा खोडवा आपल्याला नवा नाही. पण भाताचा? चीनच्या युनान विद्यापीठाने नेहमीचा भात व आफ्रिकेतला बहुवर्षायू रानभात यांच्या संकरातून ‘पीआर २३’ वाण काढले. २०१८ साली ते शेतकऱ्यांना मिळाले. लावणी एकदाच, कापण्या चार वर्षांत आठ. दर कापणीला सरासरी हेक्टरी ६.८ टन. नांगरट, लावणीची मजुरी वाचली, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढला. पाचव्या वर्षी मात्र उत्पन्न घसरले.

आम्ही शिवारात फिरतो तेव्हा काय दिसतं? खोडवा म्हणजे फुकटचं पीक समजून पाचट पेटवलेलं, नांग्या तशाच! बंधूंनो, जिवंत मुळं हेच खोडव्याचं भांडवल. पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या भरा, खत वेळेवर द्या.