शाळेतलं फ्रेंच आणि विद्यापीठातलं फ्रेंच

चेन्नईतल्या वेस्ट मांबलममध्ये काय किंवा पुण्यात काय, अकरावी-बारावीला भरघोस गुण मिळतात म्हणून फ्रेंच घेणारी मुलं बरीच दिसतात. त्यातल्या काहींना भाषेची खरीच गोडी लागते आणि पुढे पदवीलाही फ्रेंचच घ्यावंसं वाटतं. त्यांनी एक फरक आधीच समजून घ्यावा.

भाषेच्या युरोपीय मोजपट्टीत ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. शाळेतली तयारी बहुधा ए-१ किंवा ए-२पर्यंतच पोचते. विद्यापीठात मात्र साहित्य, भाषाशास्त्र, अनुवाद आणि मुद्देसूद निबंध येतात. त्यासाठी बी-२ हवी. तिथवर जायला साधारण ५५० ते ६५० तासांचा अभ्यास लागतो.

एक उदाहरण पाहा. शाळेत भूतकाळासाठी ‘पासे काँपोझे’ शिकवतात. अभिजात कादंबऱ्यांतलं निवेदन मात्र प्रामुख्याने ‘पासे सँप्ल’मध्ये असतं. तो बोलण्यात जवळपास येतच नाही, म्हणून शाळेत मागे पडतो. कामूची ‘लेत्रांजे’ ही कादंबरी (१९४२) मात्र मुख्यतः पासे काँपोझेमध्ये आहे. त्यामुळे पहिली कादंबरी म्हणून ती उत्तम.

शाळेपलीकडचं फ्रेंच शिकायला जागाही आहेत. मांबलमहून लोकलने दुसरंच स्टेशन नुंगमबाक्कम. त्या भागात आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. पुण्यात त्यासाठी रानडे इन्स्टिट्यूट आहे, तर मुंबईत विद्यापीठाचा कलिना परिसर. बारावीच्या गुणांवर विसंबू नका. प्रवेशाआधी डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राची बी-१ परीक्षा द्या. आपण नेमके कुठे आहोत ते कळेल, आणि ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.