जुन्या लॅपटॉपची चिप : आधी नक्कल, मग दुरुस्ती

जुने घड्याळ आणि जुना रेडिओ यांना शौकीन गिऱ्हाईक असते, हे आपल्या कारागीर बांधवांना सांगायला नको. त्याच रांगेत आता १९८० च्या दशकातले, बॅगेत घालून नेण्याचे छोटे संगणकही येऊन बसले आहेत. माल थोडा, मागणारे हौशी आणि दुरुस्त करणारे हात त्याहून थोडे. रेडिओ-टीव्हीचे काम केलेल्या माणसाला हे जमण्यासारखे आहे. मात्र एक गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे, आणि ती म्हणजे फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये भरलेला मूळ प्रोग्रॅम. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. १९८३ साली आलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक जपानच्या क्योसेराने बनवला आणि रेडिओ शॅकने विकला. त्याचा सारा कारभार ३२ किलोबाइटच्या रॉममध्ये मावतो. तो प्रोग्रॅम लिहिण्यात खुद्द बिल गेट्स यांचा हात होता. तोशिबाच्या १९८७ च्या टी१००० मध्ये एमएस-डॉस रॉममध्येच होते. एचपीच्या १९९४ च्या २००एलएक्समध्ये तर व्यापाऱ्यांच्या ओळखीचे लोटस १-२-३ सुद्धा चिपमध्येच भरून येत असे.

मग बदलायचे कशाला? मॉडेल १०० चेच पाहा. त्याच्या रॉममध्ये सालाच्या आधीचे ‘१९’ कायमचे कोरलेले आहे, त्यामुळे २००० नंतरही पडद्यावर १९०० चेच साल उमटते. शौकिनांनी हा दोष काढलेला रॉम तयार केला आहे. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिज झेड८८ साठीही हौशी लोकांनी मूळ प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. गिऱ्हाईक हीच सुधारणा मागायला येते.

काम हाती घेतल्यावर नवी चिप लावण्याची घाई नको. थान मापल्याशिवाय आपण कात्री लावत नाही, तसेच हे आहे. जुनी चिप अलगद काढावी, तिची खाच कोणत्या बाजूला होती ते कागदावर लिहून ठेवावे, कारण उलटी बसवलेली चिप जळते. मग ती प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रात वाचून संगणकावर उतरवून घ्यावी. एकदा वाचून भागत नाही. तीनदा वाचावे आणि तिन्ही वेळचा चेकसम जुळतो का ते पाहावे. चेकसम म्हणजे आपल्या वहीतला ताळाच. ताळा जुळला नाही तर चिपचे पाय साफ करून पुन्हा वाचावे. तरीही जुळला नाही तर चिप थकलेली आहे असे समजून गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

नुसते वाचण्यात धोका कमी, कारण त्याला पाच व्होल्टच लागतात. लिहिताना मात्र चिपवरचा नंबर पाहूनच व्होल्टेज ठरवावे. २७सी२५६ जातीला साधारण साडेबारा व्होल्ट लागतात आणि जुन्या २७१६ ला पंचवीस. पंचवीसचा झटका साडेबाराच्या चिपला दिला की ती गेलीच म्हणून समजा. शिवाय मॉडेल १०० च्या तळाशी जादा रॉमसाठी जी जागा आहे, तिच्या पायांची मांडणी निराळी आहे. तिथे साधी चिप थेट बसत नाही, अडॅप्टर लागतो.

ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते. अतिनील प्रकाशात ती पंधरा-वीस मिनिटे धरली की आतला मजकूर पुसला जातो. उघड्या उन्हातही आठवडाभरात पुसला जाऊ शकतो. म्हणून खिडकीवरचे स्टिकर कुरूप दिसले तरी काढू नये. आणखी एक गोष्ट आम्ही कापडवाले जाणतो. नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड अंगावर घासले की ठिणगी उडते. तेवढी ठिणगी अशा चिपचा जीव घ्यायला पुरते, तेव्हा या कामाला सुती सदराच बरा.

रॉमच्या नादात रॅम विसरू नये. मॉडेल १०० आणि झेड८८ मध्ये गिऱ्हाइकाचा मजकूर बॅटरीच्या जोरावर टिकून असतो. यंत्र उघडून बॅटरी सुटली की सगळे गेले. म्हणून आधी सिरियल केबल लावून फायली बाहेर काढाव्यात. मॉडेल १०० च्या आतली निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरून पट्टीवरच्या तारा खाते, तीही त्याच वेळी बदलावी.

१९९० च्या दशकातल्या लॅपटॉपांची तऱ्हा वेगळी. पुष्कळांत फ्लॅश चिप असते आणि नवा बायोस जागेवरच लिहिता येतो. सोय मोठी, पण लिहिताना मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि आपल्याकडच्या विजेचा भरवसा किती ते सर्वांना ठाऊक आहे. यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये, आणि जमल्यास जुना बायोसही आधी वाचून ठेवावा.

मजुरी सांगताना नकलेची मजुरी वेगळी सांगावी. गिऱ्हाईक म्हणेल, “नक्कल नको, थोडे कमी करा.” तिथे ठाम राहावे. त्याची चिप ही आपल्याकडची अमानत आहे, आणि ती बिघडली तर भरून द्यायला दुसरी कुठून आणणार? पावतीवर चिपचा नंबर आणि चेकसम लिहावा. काम झाल्यावर मूळ चिप काळ्या वीजवाहक फोममध्ये टोचून, नकलेच्या पेन ड्राइव्हसह परत करावी. एक नक्कल आपल्या दुकानात ठेवायची असेल तर त्याला विचारून ठेवावी.