मुलं आणि स्क्रीन : किती, आणि जास्त झालं तर?

मर्यादा : भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार २ वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. २ ते ५ वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २ तासांहून कमी.

डोळे : टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. सतत जवळचं पाहणं आणि बाहेर उजेडात न खेळणं यांमुळे मायनस नंबरचा धोका वाढतो.

झोप : रात्रीच्या स्क्रीनमुळे मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवतं आणि झोप यायला उशीर होतो. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंदच बरा.

बोलणं : बाळ ‘काऊ’ म्हणालं की आई ‘हो, काऊ आला, काळा काळा’ म्हणते. भाषा अशा देवाणघेवाणीतून येते. व्हिडिओ बोलतो, पण बाळाचं ऐकत नाही.

जेवण : कार्टून लावून भरवलं की घास पटापट जातात, पण पोट भरल्याचं मुलाच्या ध्यानात येत नाही.

गावाचा तोडगा : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. नियम मोठ्यांनाही लागू, हे त्यातलं महत्त्वाचं.