महाड सत्याग्रहाशी संबंधित अल्पपरिचित व्यक्ती

महाड सत्याग्रह हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे, चवदार तळ्याचे पाणी घेण्याच्या हक्कासाठी झालेला लढा होय. या लढ्याची पूर्वतयारी अनेक स्थानिक कार्यकर्त्यांनी केली होती. नामसाधर्म्यामुळे त्यांच्यापैकी काहींची ओळख पटविताना घोटाळा होतो.

पूर्वपीठिका

महाडजवळील रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे या परिसरातील अस्पृश्यता निवारणाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक मानले जातात. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. परंतु सवर्णांच्या विरोधामुळे ठराव कागदावरच राहिला.

परिषदेचे कार्यकर्ते

रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२) हे दासगावचे. जातीमुळे महाडच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या मुलाने लेखी तक्रार करून प्रवेश मिळविला. महाडला परिषद भरविण्यात त्यांचाच पुढाकार होता. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले व ‘जीवनमार्ग’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. त्यामुळे आर. बी. मोरे या नावाने त्यांची नोंद बहुधा कामगार चळवळीच्या इतिहासात आढळते.

सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे महाडचे नगराध्यक्ष होते. ‘सुरबा नाना टिपणीस’ आणि ‘नानासाहेब टिपणीस’ ही त्यांचीच नावे होत.

अनंत विनायक चित्रे यांनी २० मार्च रोजी परिषदेच्या समारोपाच्या वेळी सर्वांनी मिळून तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. त्या दिवसांत परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हे ध्यानात घेतल्यास या सूचनेचे महत्त्व कळते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात सहभागी असलेले कमलाकांत चित्रे हे निराळे होत. टिपणीस व अनंतराव चित्रे हे दोघेही १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले.

संभाजी तुकाराम गायकवाड हे परिषदेच्या संघटनेतील प्रमुख स्थानिक कार्यकर्ते. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातील दादासाहेब म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांच्याशी त्यांची गल्लत करू नये.

डिसेंबर १९२७ ची परिषद

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरविण्याचे ठरले, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. जन्माने ब्राह्मण असलेले सहस्रबुद्धे पुढे ‘जनता’ पत्राचे संपादक झाले. पां. ना. राजभोज यांनी ठरावास अनुमोदन दिले.

परिषदेपूर्वीच तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला होता. प्रतिवादींमध्ये डॉ. आंबेडकरांसमवेत सीताराम नामदेव शिवतरकर यांचे नाव होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महत्त्व

मोरे यांचा पुढाकार, बोले यांचा ठराव, नगरपालिकेचा निर्णय, चित्रे यांची सूचना आणि न्यायालयीन झुंज या सर्वांची सांगड घातल्यावरच लढ्याचे पूर्ण स्वरूप लक्षात येते. महाडचे पाणी एका महापुरुषाच्या नेतृत्वाखाली मिळाले, तरी ते अनेकांच्या प्रयत्नांचे फळ होते.