वाहनाच्या धूरनियंत्रण यंत्रणेतील गळती व तिची तपासणी

बेळगावच्या खडेबाजारातून सणासुदीच्या सायंकाळी पायी जाणाऱ्यास वाहनांच्या धुराची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन्ही अंगांस दुकानांची दाटी आणि मध्ये खोळंबलेल्या रिक्षा व दुचाक्यांची इंजिने जागच्या जागी चालू. आईचे बोट धरून चाललेल्या मुलाचे नाक तर सायलेन्सरच्या तोंडापासून फारसे उंचावर नसते. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये, प्रथम नोंदणीस एक वर्ष झाल्यानंतर वाहनाचे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजेच पीयूसी, बाळगणे बंधनकारक आहे. नियम केंद्राचा असल्यामुळे निपाणीत घेतलेले प्रमाणपत्र कोल्हापुरातही ग्राह्य धरले जाते. कागद मिळाला म्हणजे यंत्रणा निर्दोष, अशी मात्र पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही.

तपासनीस आपली नळी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात घालतो. इंजिनापासून तेथवरच्या वाटेत एखाद्या सांध्याचे पॅकिंग फाटलेले असेल किंवा पत्रा गंजून भोक पडलेले असेल, तर काही धूर तेथूनच निसटतो. शिवाय धूर एकसारखा न वाहता धक्क्याधक्क्याने बाहेर पडत असल्यामुळे, दोन धक्क्यांमधील ओढीने त्याच भोकातून बाहेरची हवा आत शिरते. पाणी घातलेल्या दुधाप्रमाणे धूर पातळ होतो आणि यंत्रावरील आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. भारत स्टेज-४ व त्यापुढील पेट्रोल मोटारींच्या तपासणीत 'लॅम्डा' हा आणखी एक आकडा असतो. तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा. याहून अधिक आल्यास गळतीचा संशय घ्यावा. मालक बहुधा हा आकडा वाचतच नाहीत.

गळतीचा दुसरा परिणाम खिशावर होतो. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणाऱ्या जाळीच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, अलीकडे प्राणवायू मोजणारा सेन्सर बसविलेला असतो. भोक त्याच्याही अलीकडे असल्यास आत शिरलेल्या हवेमुळे सेन्सर फसतो. पेट्रोल कमी पडत आहे असे समजून यंत्रणा ते वाढविते. पेट्रोल वाया जाते आणि जादा इंधनामुळे जाळी अतिशय तापून निकामी होण्याचा संभव असतो.

तपासणी मोकळ्या जागी करावी, बंद खोलीत कदापि नाही. सकाळी इंजिन थंड असताना ते सुरू करून सांध्यांजवळ कान द्यावा. फट्फट् असा बारीक आवाज अथवा सांध्याभोवती काजळीचा काळा डाग, ही गळतीची खूण होय. संशयित जागी साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. नळी तापण्यापूर्वीच हे करावे. सायलेन्सर हलवून आत खडखड ऐकू आल्यास जाळी तुटली असे समजावे. फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिल्यास तो झाकू नये; असेही मालक आढळतात! पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचे रबर चिरलेले असल्यास त्यातून वाफ निसटते, तेही पाहून घ्यावे.

धुराचा रंगही बोलतो. तवंदी घाट चढताना डिझेलचा ट्रक काळा धूर ओकतो, तेव्हा एअर फिल्टर चोंदला असावा किंवा इंधन जादा जात असावे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, तर गरम इंजिनाचा दाट पांढरा धूर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असल्याचे दर्शवितो.

फाटलेले पॅकिंग बदलणे वा भोक वेल्डिंगने बुजविणे हे काम मोठ्या खर्चाचे नाही. काही मेस्त्री मात्र 'ॲव्हरेज वाढेल' म्हणून जाळीच काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असलेली ती जाळी भंगारात चांगल्या किमतीला जाते, हे ध्यानी घ्यावे. दुरुस्तीनंतर पुन्हा पीयूसी तपासणी करविताना गाडी काही किलोमीटर चालवून न्यावी. जाळी सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही.