डबीवरची तारीख आणि दातातलं सिमेंट
(मुदतीच्या आत-बाहेर : लेखांक ६)

चाकणच्या मोठ्या कारखान्यांत स्टोअर्सवाल्यांचा एक नियम असतो : ज्या डब्याची मुदत आधी संपणार, तो आधी बाहेर काढायचा. मागच्या लेखात आपण पेंट आणि हार्डनरच्या निमित्ताने तो पाहिला. त्याच कुळातली रसायनं पिंपरी, भोसरी, निगडीच्या दातांच्या दवाखान्यांत रोज वापरली जातात. तिथे बाटली जेमतेम ५ मिलिलिटरची असते आणि 'जॉब' आपल्या तोंडात.

आपण सरसकट 'सिमेंट भरलं' म्हणतो. पण निळ्या प्रकाशाखाली कडक होतं ते कंपोझिट. राफाएल बोवेन यांनी अमेरिकेत १९६२ साली पेटंट मिळवलेल्या रेझिनपासून हे घराणं सुरू झालं. रेझिन, काचेची बारीक भुकटी आणि प्रकाश पडला की जागं होणारं एक रसायन, असा हा मसाला. ट्यूबमध्येच घट्ट होऊ नये म्हणून त्यात किंचित रोधक घालतात. उष्णतेने तो हळूहळू खर्ची पडतो. तरी सीलबंद कंपोझिट तसं चिवट. त्याला खरा त्रास खुर्चीवरच्या दिव्याचा. त्या दिव्यातही निळा प्रकाश असतोच, त्यामुळे टोपण उघडं राहिलं की तोंडाशी कडक खडा जमतो.

काळजी करायची ती बाँडिंगच्या बाटलीची. फिलिंग दाताला धरून ठेवतो तो हा पातळ थर. 'एकाच बाटलीत सगळं' अशा प्रकारात आम्लधर्मी रेझिन आणि पाणी शेजारी नांदतात, आणि पाणी त्या रेझिनचे रासायनिक बंध तोडत राहतं. म्हणजे बाटली फोडायच्या आधीच तिची झीज सुरू झालेली असते. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब. शिवाय दर वेळी टोपण उघडलं की अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल उडतं. उरलेला दाट द्रव दाताच्या सूक्ष्म नळ्यांत नीट शिरत नाही. गंमत अशी, की त्या दिवशी फिलिंग झकास दिसतं. काही महिन्यांनी कड तपकिरी होते, गार पाण्याने कळ येते, एखादं निघूनच येतं. मग पेशंट डॉक्टरला बोल लावतो आणि डॉक्टर पेशंटच्या सुपारीला. बाटलीवरची तारीख कुणी पाहत नाही.

लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या आसपास तयार केलेलं ग्लास आयनोमर, म्हणजे दवाखान्यातलं जीआयसी, हाताने कालवतात. कागदी पॅडवर पावडर, शेजारी लिक्विडचे थेंब, प्लास्टिकच्या पात्याने भराभर घोटायचं आणि चकाकी जायच्या आत दातात भरायचं. चकाकी गेली की ते दाताला धरत नाही. पावसाळ्यात पावडर दमट होते, जुनं लिक्विड मधासारखं दाटतं. मिश्रण घट्ट होतंय म्हणून पावडर कमी घेतली, तर फिलिंग कच्चं राहतं आणि लवकर झिजतं.

केंद्राच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशा मालाची मुदत सर्वसाधारणपणे ६० महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही. पण ती तारीख धरलेली असते सीलबंद आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या मालासाठी. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्याची फारशी धास्ती नको; बंद दाराचा फ्रीज काही तास गार राहतो. मे महिन्यातला कुरिअरचा टेम्पो आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिकी जास्त वाईट. आणि फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नये. दमट हवेत गार काचेवर दव धरतं, तसं पाणी तिच्या तोंडाशी जमतं. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

डीलर 'शॉर्ट एक्सपायरी'चा माल स्वस्तात देऊ करतात. कंपोझिट मुदतीत संपवता येणार असेल तर जरूर घ्यावं. बाँडिंग मात्र मी त्या भावात घेणार नाही.